तोडलेलं मीटर आणि मागितलेलं सोलर: एका जिल्हा परिषद शाळेचं प्रकरण

जून २०२३. शाळा उघडून चारच दिवस झाले होते. वायरमन आला, खांबावर चढला आणि शाळेची वायर सोडवून खाली टाकून गेला. जाताना सरांना म्हणाला, "माझ्यावर राग धरू नका, वरून यादी आलीय." थकबाकी सत्तावीस हजारांच्या वर गेली होती.

मराठवाड्यातलं, बालाघाटच्या डोंगररांगेतलं हे गाव. गावाचं, माणसांचं, कार्यालयांचं नाव मुद्दाम देत नाही. ज्यांनी अडवलं त्यांच्यासोबतच पुढची कामं करायची आहेत, आणि ज्यांनी मदत केली त्यांनाही नाव नको आहे. पट अडुसष्ट, शिक्षक तीन, खोल्या चार. माझी मुलगी तेव्हा तिसरीत होती. मी शाळा व्यवस्थापन समितीवर पालक सदस्य. गावात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे, त्यामुळे या प्रकरणातला जवळपास प्रत्येक कागद माझ्या प्रिंटरमधून निघाला. हे लिहिण्याचा माझा अधिकार एवढाच.

थकबाकी साठली कशी, हे आधी सांगायला हवं, कारण पुढचा सगळा गुंता तिथूनच सुरू होतो. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला पटावर अनुदान मिळतं. ३१ ते १०० पट असेल तर वर्षाला २५ हजार. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे. उरलेल्यात खडू, रजिस्टरं, गळकं छप्पर, तुटलेलं दार आणि वीजबिल. आमच्याकडे हे पैसे येतात हप्त्याने, आणि बरेचदा वर्ष सरता सरता. बिल मात्र दर महिन्याला येतं. मे महिन्यात शाळेला कुलूप असलं तरी स्थिर आकार लागतोच. सरांनी एक-दोनदा पदरचे पैसे भरले. मग त्यांची बदली झाली, नवे सर आले, आणि मागचं बिल 'मागच्यांचं' झालं. कुणी चोरी केली नाही की कुणी खाल्लं नाही. बिल कोणाच्या नावावरच नव्हतं, इतकंच.

जुलैच्या बैठकीत पहिल्यांदा 'सोलर' हा शब्द निघाला. तो निघणारच होता. गावाबाहेरच्या गायरानावर शेतीच्या फीडरसाठी सौर प्रकल्प होणार अशी चर्चा होती, दोन-तीन घरांवर पत्रे चढलेले होते (आमच्याकडे पॅनेलला पत्रेच म्हणतात), आणि आमदारांनी शेजारच्या गावाला हायमास्ट दिवा दिला होता. एक पालक म्हणाले, "थकबाकी भरण्यापेक्षा सोलरच मागू. बिलाची कटकटच मिटेल." सगळ्यांना पटलं. मलाही. हीच आमची पहिली चूक होती, पण ती कळायला तीन महिने गेले.

मागायचं कुणाकडे, हा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नव्हता. पूर्वी अशा कामाला पहिला माणूस म्हणजे जिल्हा परिषद सदस्य. शाळा जिल्हा परिषदेची, सेस फंड (म्हणजे स्वतःच्या उत्पन्नाचा पैसा) जिल्हा परिषदेचा, आणि सदस्य गटातलाच, लग्नाकार्यात भेटणारा. पण राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, निवडणुका आरक्षणाच्या खटल्यात अडकल्या आणि प्रशासक बसले. म्हणजे ज्या संस्थेची शाळा, तिथे आमचं ऐकणारा निवडून आलेला एकही माणूस नव्हता. उरले दोघे: खाली सरपंच आणि वर आमदार. मधली पायरीच काढून घेतलेली. सरपंच एका पक्षाचे, आमदार दुसऱ्या.

पहिलं निवेदन मीच टाइप केलं. 'आमच्या गावातील शाळेस सोलर यंत्रणा मिळावी ही नम्र विनंती.' खाली पंचवीस सह्या. आम्ही चौघे पुरुष सोमवारी आमदारांच्या तालुक्यातल्या कार्यालयात गेलो. तिथे सोमवारी जत्रा असते. कुणाला दवाखान्यासाठी पत्र हवं, कुणाला बदली, कुणाला विजेची डीपी (ट्रान्सफॉर्मर). अडीच तासांनी आत गेलो. आमदारांना सगळे अण्णा म्हणतात. अण्णांनी कागद पाहिला, "करू की" म्हणाले, आणि कागद डावीकडे सरकवला. डावीकडे स्वीय सहायक बसलेले होते. त्यांनी विचारलं, "गावात मतदान किती?" आम्ही सांगितलं. त्यांनी कोपऱ्यात आकडा लिहिला आणि कागद गठ्ठ्यात ठेवला. मी पोहोच मागितली. ते हसले, पण शिक्का दिला. ती पोहोच पुढे फार उपयोगी पडली.

दीड महिना काही झालं नाही.

या दीड महिन्यात गावात जे झालं, ते मला या प्रकरणाचा गाभा वाटतं. आमच्यातले एक पालक आयटीआय केलेले वायरमन आहेत, खासगी कामं करतात. त्यांनी एका रविवारी शाळेत येऊन वहीच्या मागच्या पानावर लोड मांडला. आठ पंखे, प्रत्येकी ७५ वॅट. आठ एलईडी ट्यूब, २० वॅटच्या. एक टीव्ही, लोकवर्गणीतून घेतलेला, साधारण १०० वॅट. संगणक आणि प्रिंटर मिळून दोनशे. सगळं एकदम लावलं तरी हजार-अकराशे वॅट. आणि बोअरची एक एचपीची मोटार.

मग ते म्हणाले, "तुम्ही जे सोलर मागताय ते इथे चालणारच नाही."

तालुक्यातल्या एका विक्रेत्याकडून आम्ही भाव काढला होता. तो होता ऑनग्रिड यंत्रणेचा, म्हणजे बॅटरी नसलेल्या. ही सर्वांत स्वस्त पडते. छपरावर वीज तयार होते, शाळेत वापरली जाते, उरलेली कंपनीच्या तारेत जाते आणि नेट मीटरवर तिचा हिशेब होतो. शहरातल्या सोसायटीला हे उत्तम. पण तारेत वीज नसेल तर ऑनग्रिड इन्व्हर्टर आपणहून बंद पडतो. बंद पडलाच पाहिजे, नाहीतर खांबावर काम करणारा वायरमन आमच्याच विजेने मरेल. आमच्या गावात वीज जाते ती बहुतेक दुपारी, शाळेच्या वेळेत. म्हणजे डोक्यावर ऊन, छतावर पत्रे आणि वर्गात पंखा बंद. शिवाय नेट मीटर बसवायला आधी मीटर जिवंत लागतं. आमचं तोडलेलं. थकबाकी चुकवण्यासाठी सोलर मागायचं आणि थकबाकी भरल्याशिवाय ते सोलर जोडताच यायचं नाही, असा सगळा प्रकार होता. वर, तोडलेली जोडणी सहा महिने तशीच राहिली तर ती कायमची खंडित धरतात आणि नव्याने अर्ज करावा लागतो. घड्याळ जूनपासून चालू होतं.

बॅटरीची यंत्रणा घ्यावी तर महाग. त्यात मोटारीचं वेगळंच दुखणं. मोटार सुरू होताना क्षणभर एरवीपेक्षा कितीतरी पट करंट ओढते, त्यामुळे तिच्यासाठी इन्व्हर्टर मोठा घ्यावा लागतो. पुरुष मंडळींचं मत पडलं, मोटार सोडून द्या, पंखे आणि टीव्ही पुरे. डिजिटल वर्ग म्हटलं की आमदारांनाही आवडेल.

समितीच्या अध्यक्ष एक आई आहेत, चौथीतल्या मुलाची. शेतमजुरी करतात. एरवी बैठकीत फार बोलत नाहीत, सही करतात. शिक्षणहक्क कायद्यानुसार समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला लागतात. कागदावर आमच्याही निम्म्या महिला होत्या, पण बोलणारे आम्हीच. त्या दिवशी ताई म्हणाल्या, "टीव्हीचं काय घेऊन बसलात? मोटार बंद म्हणून टाकी कोरडी, टाकी कोरडी म्हणून संडासाला कुलूप. पोरी दुपारी घरी येतात त्या परत जात नाहीत. ते लिहा."

आम्ही तीन महिने शाळेत येत-जात होतो. संडासाचं कुलूप सगळ्यांनी पाहिलं होतं. कुणाही पुरुषाला त्याचा विजेशी संबंध जोडता आला नव्हता. मी दोन मुलींचा बाप आहे, हे इथे नोंदवून ठेवतो.

वायरमन पालकांनी मार्ग काढला: एक एचपीऐवजी अर्ध्या एचपीची मोटार. टाकी हजार लिटरची, भरायला वेळ लागेल, लागू दे. मग दोन किलोवॅटचे पत्रे, तीन केव्हीएचा इन्व्हर्टर आणि लिथियम बॅटरी एवढ्यात काम भागतं. आपल्याकडे एक किलोवॅटला दिवसाला सरासरी चार युनिट धरतात, म्हणजे आठ युनिट. शाळेची गरज पाच-सहाच्या वर जात नाही. यंत्रणा हायब्रिड, म्हणजे मीटरही राहणार. पावसाळ्यात आठवडाभर आभाळ उतरलं की तेच कामाला येतं.

नंतरचा एक गैरसमज इथेच दूर करून टाकतो, ते इतरांच्याही उपयोगाचं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना जाहीर झाल्यावर दुकानात रोज कुणीतरी विचारायचं, तीन किलोवॅटला ७८ हजार सबसिडी मिळते, मग शाळेला का नाही? कारण ती सबसिडी घरगुती ग्राहकांसाठी आहे. शाळेला ती लागू होत नाही. शाळेचा पैसा दुसऱ्या खिशातूनच आणावा लागतो.

तो खिसा म्हणजे आमदार स्थानिक विकास निधी. आमदाराला वर्षाला पाच कोटी. त्यातून सभामंडप, रस्ते, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट होतात. आमदार फक्त काम सुचवतो. मंजुरी जिल्हाधिकारी कार्यालयाची, म्हणजे व्यवहारात नियोजन शाखेची. आणि या निधीतून टिकाऊ मालमत्ता उभी करायची असते, चालू खर्च भागवता येत नाही. अण्णांच्या मनात कितीही असतं तरी ते आमचं बिल भरू शकले नसते. पत्रे देता येतात, बिल भरता येत नाही. मग बिल आणि देखभाल आपण कुणाच्या तरी गळ्यात आधी बांधून दाखवली पाहिजे, हे समजल्यावर आमचं मागणंच बदललं.

ते गळ्यात बांधायला गेलो सरपंचांकडे. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय घेतला नव्हता, कारण तेव्हा आम्हाला अक्कल नव्हती. आता २ ऑक्टोबरची सभा गाठली. ग्रामसेवकांना आम्ही म्हटलं, पंधराव्या वित्त आयोगाच्या अबंधित निधीतून, म्हणजे ठरावीक कामाला बांधून न दिलेल्या पैशातून, थकबाकी भरा. त्यांनी हात जोडले: "लेखापरीक्षणात पॅरा लागेल, माझ्या पेन्शनपर्यंत पुरेल." पॅरा म्हणजे तपासणीतला लेखी आक्षेप. खोटं नव्हतं ते. शेवटी ठरलं असं: निम्मी रक्कम ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतून, निम्मी लोकवर्गणी. साडेतेरा हजार गोळा करायला तीन आठवडे लागले. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांकडून मागायचं नाही असं आम्ही ठरवलं होतं, पण उचल (मुकादमाकडची आगाऊ रक्कम) मिळाल्यावर त्यांच्यातल्याच चौघांनी दुकानावर आणून दिले आणि मगच कारखान्याकडे गाडी धरली. नोव्हेंबरात मीटर पुन्हा जोडलं गेलं. सहा महिने भरायला काही दिवस उरले होते.

सरपंचांची खरी अडचण पैशाची नव्हतीच. ते मला एकटं गाठून म्हणाले, "देखभालीची हमी मी द्यायची, थकबाकी मी भरायची, आणि पाटीवर नाव त्यांचं?" प्रश्न रास्त होता. आमदार निधीच्या कामाला पाटी लागतेच. आम्ही म्हटलं, एक पाटी त्यांची, शेजारी दुसरी ग्रामपंचायतीची, दोन्ही एका मापाच्या. ही गोष्ट हास्यास्पद वाटेल, पण या एका वाक्यावर हमीपत्राला सही मिळाली. लोकप्रतिनिधींना श्रेयाची भूक असते म्हणून नाकं मुरडणारे माझ्या ओळखीत खूप आहेत. मला तसं वाटत नाही. श्रेय मागणारा माणूस निदान कामाला हात तरी लावतो.

मीटर जोडलं जायच्या आधीच दुसऱ्या वेळी तालुक्याला गेल्या त्या अकरा आया, पिकअपमध्ये बसून. आम्ही दोघे पुरुष फाइल धरायला. फाइलमध्ये समितीचा ठराव, ग्रामसभेचा ठराव क्रमांकासह, नमुना आठचा (ग्रामपंचायतीकडच्या मालमत्तेच्या नोंदीचा) उतारा, लोडची यादी, फोटो, ग्रामपंचायतीचं देखभालीचं हमीपत्र, हेच काम दुसऱ्या योजनेत मंजूर नसल्याचा मुख्याध्यापकांचा दाखला आणि सगळ्यांच्या वर पहिल्या निवेदनाची शिक्का मारलेली पोहोच. निवेदनाचं पहिलं वाक्य ताईंचं होतं: 'शाळेतील मुलींचे स्वच्छतागृह वीज नसल्यामुळे जूनपासून बंद आहे.' सोलर हा शब्द तिसऱ्या वाक्यात.

अण्णांनी वाचलं आणि विचारलं, "किती दिवस झाले म्हणता?" ताईंनी उत्तर दिलं, "मागच्या वेळी आम्ही आलो होतो त्याच्याही आधीपासून." स्वीय सहायकांनी पोहोच उलटून तारीख पाहिली. त्या दिवशी संध्याकाळी शिफारसपत्राचा फोटो माझ्या व्हॉट्सॲपवर आला.

इथे गोष्ट संपायला हवी होती. शिफारसपत्रानंतर काम व्हायला एक वर्ष लागलं.

अंदाजपत्रक कुणी करायचं यावर दोन कार्यालयांची टोलवाटोलवी झाली. इमारतवाले म्हणाले हे विद्युतचं काम, विद्युतवाले म्हणाले सौरचं वेगळं असतं. एका साहेबांनी ऑनग्रिडचं छापील अंदाजपत्रक जोडून पाठवूनही दिलं, कारण त्यांच्याकडे तोच नमुना होता. ते वायरमन पालकांच्या नजरेला पडलं म्हणून वाचलो. दुरुस्त होऊन तांत्रिक मान्यता येईपर्यंत मार्च उजाडला. १६ मार्च २०२४ला लोकसभेची आचारसंहिता लागली. कार्यारंभ आदेश, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायचं पत्र, निघालेला नव्हता, त्यामुळे फाइल जिथे होती तिथे झोपली. जूनमध्ये उठली, तर अधिवेशन. या सगळ्या काळात मी नियोजन शाखेत किती चकरा मारल्या ते मोजलं नाही. दर चकरेला दुकान बंद, एसटीचं भाडं आणि "साहेब मीटिंगला गेलेत". पालकांनी पाठपुरावा करावा असं व्याख्यानांत सांगतात. तो करायला रोजगार बुडवावा लागतो, हे त्यात नसतं. आमच्यात झेरॉक्सवाला नसता, सगळेच मजुरीवर जाणारे असते, तर ही फाइल कुठपर्यंत पोचली असती?

विधानसभेची आचारसंहिता ऑक्टोबरात लागणार अशी कुजबुज सप्टेंबरात सुरू झाली आणि अचानक कार्यालयांना वेग आला. कार्यारंभ आदेश निघाला, ठेकेदाराने लगबगीने येऊन छतावर अँगल ठोकले. १५ ऑक्टोबरला निवडणूक जाहीर झाली, पण जागेवर सुरू झालेलं काम चालू ठेवता येतं. २० नोव्हेंबरला आमच्या शाळेतच मतदान केंद्र होतं. अर्धवट बसवलेले पत्रे छतावर होते आणि पाटी नव्हती. मतदान केंद्रात आमदारांच्या नावाची पाटी चालत नाही, म्हणून ती सरांच्या कपाटात कुलूपबंद होती.

डिसेंबरात टाकी भरली.

आता हिशेब. पंखे, टीव्ही, मोटार दिवसा मीटरला हात न लावता चालतात. संडास उघडे आहेत. मुली दुपारनंतर थांबतात का, तर थांबतात. हजेरीचे आकडे मी देत नाही, कारण हंगामात निम्मा गाव उसाला गेलेला असतो आणि त्या आकड्यांतून काहीही सिद्ध करता येतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत तयार होणारी वीज वाया जाते. हायब्रिडला नेट मीटर जोडण्याचा अर्ज अजून केलेला नाही. त्याचा खर्च आणि उरणारे युनिट यांचा मेळ लागत नाही, असं वायरमन पालक म्हणतात. मला त्यांचं पूर्ण पटलेलं नाही. धूळ फार बसते. मुलांना छतावर चढू द्यायचं नाही हा नियम, म्हणून गणेश मंडळाची पोरं पंधरा दिवसांनी पत्रे धुतात. मंडळाला उत्साह असेपर्यंत धुतील. एकदा वानरांनी वायर ओढली.

देखभालीच्या हमीपत्राचा पहिला कस तेव्हाच लागला. ग्रामपंचायतीकडे दुरुस्तीचे बाराशे मागितले, तर उत्तर आलं की पुढच्या मासिक सभेत विषय ठेवू. वायरमन पालकांनी स्वतःच्या पैशाने वायर टाकली आणि पावती सरांकडे दिली. सरांनी ती ग्रामपंचायतीला दिली. चार महिन्यांनी पैसे मिळाले. ताईंनी तेव्हापासून घरटी वर्षाला पन्नास रुपयांचा डबा सुरू केलाय.

दोन्ही पाट्या जानेवारीत लागल्या. सरपंचांनी टेप आणून मोजल्या.

वीजबिल अजून येतं. कमी येतं, पण स्थिर आकार आहेच. मागच्या वर्षापासून समितीच्या दर बैठकीत पहिला विषय तोच असतो. बिल आलं की ताई ते सूचनाफलकावर लावतात आणि भरल्यावर पावती त्याच टाचणीला अडकवतात. या महिन्यात फलकावर बिल आहे, पावती अजून नाही. अनुदानाचा हप्ता यायचा आहे.